पितळी टोप्या गुलाबी पडतात आणि बेल्ट महिन्याला तुटतो : धुण्याच्या बॅरलची वारंवार उद्भवणारी तक्रार

भोसरीच्या आमच्या गाळ्यात तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर बसणाऱ्या पितळी टोप्या तयार होतात. टोपी म्हणजे एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी अशी नळी. व्यास ९ मिलिमीटर, लांबी ३० मिलिमीटर आणि बंद बुडाला २ मिलिमीटरचे एक छिद्र. पत्रा ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेचा, म्हणजे काडतुसाच्या पुंगळ्या प्रेसवर ज्यापासून ओढून बनवतात तोच. प्रेसवरून उतरलेल्या टोपीला तेल चिकटलेले असते आणि मधल्या ॲनिलिंगमुळे, म्हणजे धातू मऊ करण्यासाठी तापवल्यामुळे, अंगावर काळपट थर धरलेला असतो. हे दोन्ही काढण्यासाठी अमेरिकेतले नेमबाज आपल्या रिकाम्या पुंगळ्या ज्या पद्धतीने धुतात तीच पद्धत आम्ही उचलली आहे : आडवा फिरणारा बंद ड्रम, त्यात स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना, पाणी, भांड्याचा साबण आणि थोडे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व. कामावर या यंत्राला सगळे बॅरलच म्हणतात, त्यामुळे पुढेही तोच शब्द वापरला आहे.

आमचे बॅरल जुने, दुसऱ्याकडून घेतलेले आहे. २५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचा ४०० मिलिमीटर लांबीचा तुकडा, त्याचे एक टोक कायमचे बंद, दुसऱ्या टोकाला आठ बोल्टांचे झाकण. हा ड्रम रबर चढवलेल्या दोन रोलरांवर नुसता टेकलेला असतो. त्यातला एक रोलर पाव अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटरने बेल्टद्वारे फिरतो. एका खेपेला ४ किलो टोप्या, ६ किलो पिना, ७ लिटर पाणी, दोन चमचे साबण आणि ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड असा आमचा हिशेब असून दोन तासांत टोप्या सोन्यासारख्या पिवळ्या निघायला हव्यात.

तक्रार अशी होती. चार-सहा आठवडे काम सुरळीत चाले, मग एकेक लॉट मंद गुलाबी रंगाचा निघू लागे आणि त्याच सुमारास मोटरचा बेल्ट चिरकू लागून एखाद्या दिवशी तुटे. आम्ही नवा बेल्ट घालत असू, साबण बदलत असू, झाकणाचे गंजलेले बोल्ट फेकून नवे लावत असू, आणि पुन्हा महिनाभर सगळे ठीक चाले. वर्षभर हे चक्र चालले. गुलाबी रंगाचा दोष पाण्याला, बेल्टचा दोष बेल्टवाल्याला, अशी आमची वाटणी ठरलेली होती. दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच असेल असे मनात आले नाही, आणि उपाय म्हणून आम्ही एका वेळी तीन-चार गोष्टी बदलत असल्यामुळे नेमका कशाने गुण आला हे कळायला मार्गच उरत नव्हता.

आधी फेरे मोजा

शेवटी सुरुवात केली ती अगदी साध्या गोष्टीपासून. ड्रमच्या अंगावर खडूची एक रेघ ओढली आणि घड्याळ लावून मिनिटाचे फेरे मोजले. मोटर १४४० फेऱ्यांची, तिच्यावर २ इंची पुली, रोलरवर १२ इंची पुली. म्हणजे रोलर मिनिटाला २४० वेळा फिरतो. रोलरचा बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर आणि ड्रमचा २५०, म्हणजे रोलरच्या सव्वासहा फेऱ्यांना ड्रमचा एक फेरा, आणि ड्रमचे मिनिटाला साधारण ३८ फेरे. भरलेला ड्रम चालू केल्यावर मोजले तर ३७ भरले. यंत्रात दोष नाही असे समजून मी तिथून उठणारच होतो, पण बॅरल सांभाळणारे मामा म्हणाले, “साहेब, आत्ता बरोबरच दिसणार. जेवून आल्यावर बघा.” जेवून आल्यावर, म्हणजे सुमारे पाऊण तासाने, मोजले तर मिनिटाला २६.

वेग कुठे गळतो हे शोधायला फोनची स्लो मोशन चित्रफीत कामी आली. मोठ्या पुलीवरही खडूची खूण करून, ड्रमच्या एका फेऱ्यात पुली किती वेळा फिरते ते त्या चित्रफितीत मोजले. सव्वासहा यायला हवे होते, आले साडेआठ. म्हणजे रोलर फिरत होता, पण ड्रम त्याच्यावरून घसरत होता. पुलीचे स्वतःचे फेरेही २४० वरून २२० पर्यंत उतरले होते, म्हणजे थोडी घसरण बेल्टवरही होती. हे गुणोत्तर मोजण्याची सवय ज्यांच्याकडे रोलरवरचा ड्रम आहे त्या प्रत्येकाने लावून घ्यावी. कारण बेल्ट घसरतो की ड्रम घसरतो हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, आणि बहुतेक जण बेल्ट आवळत बसतात. बेल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला की मोटरच्या बेअरिंगचा बळी जातो, ते वेगळेच.

ड्रम घसरत होता कारण तो ओला होता. झाकणाच्या सांध्याभोवती कोरडा पांढरा खडू घासून बॅरल पुन्हा चालवले, तेव्हा दहा मिनिटांत दोन बोल्टांच्या मधल्या जागी खडूवर एक काळसर ओली रेघ उमटली. गळती थेंबाथेंबाची, जमिनीवर थारोळे होण्याइतकी नव्हे, म्हणून ती कधी कोणाच्या नजरेत आली नव्हती. पण ते पाणी साबणाचे होते आणि ड्रमबरोबर फिरत फिरत त्याची पातळ साय रोलरच्या रबरावर बसत होती. त्यातच झाकण उघडायला सोयीचे म्हणून आम्ही ड्रम असा ठेवत होतो की झाकण बेल्टच्याच बाजूला येई. त्यामुळे उडालेला साबण बेल्टवरही पोहोचत होता.

आता गुलाबी रंगाचा दुवा जुळला. ड्रम मंद फिरला की टोप्या उशिरा उजळतात. मामांनी झाकण उघडून पाहावे, “अजून काळसर आहेत, तासभर राहू द्या” म्हणावे, आणि दोन तासांचे काम चार-पाच तासांवर जावे. आम्लाच्या पाण्यात पितळ गरजेपेक्षा जास्त वेळ राहिले की वरच्या थरातले जस्त आधी विरघळते आणि तांबे मागे उरते. घरोघरी हे माहीत आहे : चिंचेचा कोळ लावून पितळेचा तांब्या विसरून गेले तर तो लालसर होतो, म्हणून जुन्या बायका कोळ लावताच राखेने घासून धुऊन टाकत.

बोल्ट

झाकण उघडून बोल्ट काढले तेव्हा खरा गुन्हेगार हाती लागला. आठही बोल्ट ८ मिलिमीटरचे, बाजारात सहज मिळणारे, पांढऱ्या झिंक प्लेटिंगचे साधे लोखंडी. त्यांची डोकी ड्रमच्या आत आणि नट बाहेर. आतल्या डोक्यांवर प्लेटिंगचा मागमूस नव्हता आणि त्यांचा रंग जुन्या तांब्याच्या पैशासारखा झाला होता. आटे गंजाने भरलेले.

ते तांबे कुठून आले हे सांगायला शाळेतला प्रयोग पुरे आहे. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला की खिळ्यावर तांबे बसते आणि लोखंड पाण्यात उतरते. बॅरलच्या वापरलेल्या पाण्यात टोप्यांवरून सुटलेले तांबे असतेच. त्यात उघडे लोखंड आले आणि ते पितळेला टेकले की दोन धातूंची मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते. लोखंड झिजते आणि तांबे बोल्टवर तर बसतेच, पण त्याला टेकलेल्या पितळेवरही बसते. सोनार आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा कधी घालत नाहीत, तांब्याचा किंवा लाकडाचा घालतात, त्याचे कारण हेच. आमच्या ड्रममध्ये असे आठ चिमटे चोवीस तास मुक्कामाला होते.

खात्री करायला लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. एकीत ताजे पाणी, साबण आणि सायट्रिक ॲसिड. दुसरीत बॅरलमधून नुकतेच काढलेले, किंचित हिरवट पाणी. दोन्हीत पॉलिश पेपरने घासलेला एकेक नवा खिळा आणि एकेक धुतलेली टोपी, एकमेकांना टेकलेली. अर्ध्या तासाने जुन्या पाण्यातला खिळा तांबूस झाला होता आणि टोपीवर खिळा टेकला होता तिथे बोटाच्या नखाएवढा गुलाबी डाग होता. ताज्या पाण्यातली जोडी होती तशीच. हा प्रयोग कोणालाही करता येईल आणि त्यासाठी एक पैसा लागत नाही.

चार-सहा आठवड्यांच्या चक्राचाही उलगडा इथेच झाला. नवा बोल्ट लावला की काही आठवडे त्याचे झिंक प्लेटिंग लोखंडाला झाकून ठेवते. आम्ल ते हळूहळू खाते, लोखंड उघडे पडते, आटे गंजतात. गंजलेला बोल्ट पान्याला घट्ट लागतो, पण ती ताकद आट्यांच्या घर्षणात जाते आणि झाकण मात्र दाबले जात नाही. झाकण सैल म्हणून गळती, गळतीने घसरण, घसरणीने वेळ वाढला, वाढलेल्या वेळाने जस्त गेले, आणि वरून उघड्या लोखंडाने तांबे बसवले. मग बेल्ट तुटे, आम्ही सगळे उघडत असू, आणि गंजलेले म्हणून तसलेच आठ नवे बोल्ट लावून चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करून देत असू.

उपाय म्हणून ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावले. इथे एक खाचखळगा आहे : स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट आवळला तर आटे एकमेकांना चिकटून बसतात आणि मग हेक्सा ब्लेडने कापण्यावाचून गत्यंतर नसते. आम्ही बाहेरून पितळी विंग नट वापरतो. ते हाताने आवळता येतात, त्यामुळे कोणी जोर लावून झाकणाला चीरही पाडत नाही. बोल्टच्या डोक्यांना एपॉक्सी रंग लावून पाहावा असे आमच्यातल्या एकाने सुचवले होते आणि तेही करून पाहिले. पिनांनी आठ दिवसांत रंग खरवडून काढला.

गास्केट, म्हणजे झाकणाच्या सांध्यात पाणी अडवणारी कडी, ३ मिलिमीटर जाडीच्या ईपीडीएम रबराचे नवे कापले. जुन्यावर बारा-पंधरा बारीक चऱ्या पडलेल्या होत्या, एकेक पिनेच्या लांबीच्या. पिना ओतताना एखादी झाकणाच्या कडेवर पडते, तिच्यावरच झाकण आवळले जाते, आणि ती गास्केटमध्ये आपला ठसा ठेवून जाते. पुढच्या खेपेला पाण्याला आयती वाट मिळते. म्हणून झाकण लावण्याआधी कड कपड्याने पुसून वरून बोट फिरवायचेच, आणि नट क्रमाने न आवळता समोरासमोरचे आवळायचे. ड्रम उलटा फिरवून झाकण बेल्टच्या विरुद्ध बाजूला नेले. रोलरचे रबर साबणाने आणि वापराने काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत केले. त्या दिवशी पहिल्या मिनिटाला ३८ आणि दोन तासांनंतरही ३७ फेरे भरले.

आधीच गुलाबी झालेल्या टोप्यांचे काय, हा प्रश्न ओघानेच येतो. फक्त साबणाच्या ताज्या पाण्यात, आम्ल अजिबात न घालता, अर्धा तास फिरवल्यावर आमच्या बहुतेक टोप्या पिवळ्या झाल्या, म्हणजे त्यांच्यावर तांब्याचा पातळ लेप तेवढा होता. ज्या तशाच मंद गुलाबी राहिल्या त्यांचे जस्त गेलेले होते, आणि त्या भंगारात दिल्या.

बेल्ट आणि वेग

गळती थांबली तरी बेल्टची गोष्ट पूर्ण झाली नव्हती. आमचा बेल्ट व्ही बेल्ट, म्हणजे खाली निमुळता होत जाणारा, ए सेक्शन या मापाचा, १३ मिलिमीटर रुंदीचा. या सेक्शनला लहानात लहान ७५ मिलिमीटरची, म्हणजे ३ इंची पुली योग्य समजली जाते, आणि आमच्या मोटरवर होती २ इंची. इतक्या लहान वळणावर बेल्ट दर फेऱ्याला नको इतका मुडपतो, तापतो आणि आतून तडकतो. शिवाय २ आणि १२ इंची पुल्यांच्या केंद्रांमध्ये आमच्याकडे १४ इंचांचेच अंतर आहे, त्यामुळे लहान पुलीला बेल्ट जेमतेम १३८ अंश वेढतो. त्यात साबण लागला की तो घसरणारच.

मोटरवर ३ इंची पुली लावली तर तोच वेग राखायला रोलरवर १८ इंची पुली लागते आणि ती आमच्या सांगाड्यात बसत नाही. म्हणून आतल्या बाजूला दाते असलेला ए-एक्स जातीचा बेल्ट घातला, जो लहान वळण सोसतो. पुल्यांच्या खाचाही तपासल्या. बेल्ट पुलीच्या तळाला टेकत असेल आणि तळ आरशासारखा चमकत असेल तर पुली झिजली आहे असे समजावे. व्ही बेल्टने बाजूच्या भिंतींवर धरायचे असते, तळावर नव्हे. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही हे ताणलेल्या दोरीने पाहता येते, दोरी दोन्ही पुल्यांच्या चारही कडांना टेकली पाहिजे. ताण किती हवा याचा ढोबळ नियम असा की पुल्यांमधल्या मोकळ्या बेल्टच्या दर मीटर लांबीला दाबल्यावर बेल्ट मध्यावर १६ मिलिमीटर खाली जावा; आमच्या छोट्या यंत्रात तो सव्वापाच मिलिमीटर जातो, म्हणजे करंगळीच्या अर्ध्या जाडीएवढा.

वेगाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यंत्र घेतले तेव्हा याच बाबतीत आम्ही आधी फसलो होतो. मूळ यंत्राला रोलरवर ८ इंची पुली होती आणि ड्रम मिनिटाला ५७ फेरे घेत असे. जलद फिरले तर लवकर धुऊन होईल असे वाटते, पण होते उलटे. प्रत्येक ड्रमचा एक वेग असा असतो की त्याच्यावर गेल्यास आतला माल भिंतीला चिकटून नुसता गोल फिरतो, ढवळला जातच नाही. तो काढायला ड्रमच्या आतल्या व्यासाच्या, मीटरमध्ये मोजलेल्या, वर्गमुळाने ४२.३ ला भागायचे. आमचा आतला व्यास ०.२३५ मीटर, त्यामुळे ती मर्यादा ८७ फेरे येते. पितळेच्या पातळ टोप्यांसाठी त्याच्या ४० ते ४५ टक्के, म्हणजे ३५ ते ३९ फेरे आम्हाला मानवले. ५७ वर माल वरून खाली आपटत असे आणि टोप्यांच्या उघड्या कडांवर पिचलेल्या खुणा येत.

वेगाइतकेच महत्त्व आतल्या पट्ट्यांना आहे. पीव्हीसीची भिंत गुळगुळीत असल्याने सगळा माल एकगठ्ठा वर चढतो आणि एकगठ्ठाच घसरून खाली येतो. हे कानाने कळते. माल घसरत असेल तर ‘सर्र’ असा आवाज, मग शांतता, मग पुन्हा ‘सर्र’ येतो. नीट ढवळला जात असेल तर पत्र्यावर पावसाची सर यावी तसा एकसारखा आवाज येतो. आम्ही १० मिलिमीटर उंचीच्या पीव्हीसीच्या तीन पट्ट्या पाइपाच्या सोल्युशननेच आतून चिकटवल्या. त्या स्क्रूने बसवायच्या नाहीत, नाही तर बोल्टची कथा नव्याने सुरू होईल. पट्ट्या जास्त उंचही करू नयेत, कारण मग माल उचलून वरून टाकला जातो.

वेग कमी-जास्त करण्यासाठी अशा मोटरला पंख्याचा रेग्युलेटर जोडण्याचा मोह अनेकांना होतो. ही मोटर त्यासाठी नाही. ती तापते आणि जळते. वेग खरोखरच बदलता हवा असेल तर छोटी थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, घ्यावा. ते आमच्या यादीत आहे, पण ३८ फेऱ्यांवर काम भागत असल्याने घाई केलेली नाही. जिथे पाणी आणि वीज शेजारी नांदतात तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, मात्र आजच्या आज लावावा.

देखभालीतल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. रोलरच्या यूसीपी २०५ बेअरिंगांना साबणाचे पाणी लागले तर ग्रीस धुऊन जाते, म्हणून शाफ्टवर बेअरिंगच्या अलीकडे रबराची एकेक चकती घट्ट बसवली आहे. पाणी तिच्यावरूनच उडून जाते. ड्रम सतत एका बाजूला सरकत असेल तर दोन्ही रोलर समांतर नाहीत किंवा सांगाडा कलता आहे. पाणसळ लावावी आणि रोलरांच्या टोकांमधले दोन्ही कर्ण मोजावेत, ते समान भरले पाहिजेत. मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने ढकलल्यावरच फिरते, असे झाले तर बहुधा तिला सुरू करून देणारा कपॅसिटर गेलेला असतो.

ड्रममध्ये काय घालू नये

बंद ड्रममध्ये सायट्रिक ॲसिड असताना खाण्याचा सोडा कधीही घालू नये. दोन्ही मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि झाकण फुगून फुटू शकते. आम्ल मारायचे असेल तर ते झाकण उघडून, टपात करावे.

दुसरी गोष्ट अमोनियाची. पितळ चमकवण्याच्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि त्याचा चमत्कार चटकन दिसतो, म्हणून कोणी तरी तो सुचवतोच. ओढकाम केलेल्या पितळात आतला ताण शिल्लक राहिलेला असतो, आणि अशा पितळाला अमोनिया लागला की ते काही काळाने आपोआप तडकते. याचा गाजलेला दाखला आपल्याच देशातला आहे. ब्रिटिश काळात लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवत. घोड्यांच्या मुताच्या अमोनियाने आणि दमट हवेने त्यांच्या पितळी पुंगळ्या उभ्या चिरत. पावसाळ्यातच दिसणारे दुखणे म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूवरूनच नाव पडले, आणि १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्यामागचा अमोनियाचा हात दाखवून दिला. आमच्या टोप्याही त्याच पितळेच्या आणि त्याच पद्धतीने ओढलेल्या. त्यामुळे गाळ्यात अमोनियाची बाटली यायचीच नाही, अगदी काचा पुसण्याचा द्रवसुद्धा नाही, असा नियम केला आहे.

वाळवण

जून ते सप्टेंबर या काळात पिवळ्या निघालेल्या टोप्या दोन दिवसांत काळवंडतात, ही तक्रार बॅरलची नसून वाळवणाची आहे. आमचे पाणी बोअरचे आणि जड. ते टोपीवर वाळले की पांढरे ठिपके राहतात आणि ठिपक्याच्या कडेने काळे पडायला सुरुवात होते. दोनदा नळाच्या पाण्याने आणि शेवटी एकदा आरओच्या पाण्याने विसळल्यापासून ठिपके गेले. विसळण्यात दिरंगाई नको. ड्रम थांबला की पाच मिनिटांत टोप्या साध्या पाण्यात गेल्या पाहिजेत, जेवणाची सुट्टी झाली तरी. नंतर उघडे तोंड खाली करून जाळीवर ठेवून गरम हवा सोडतो. पावसाळ्यापुरते बेंझोट्रायझोल या, पितळ काळे पडू न देणाऱ्या रसायनाच्या पातळ द्रावणात बुडवून घेतो, तेही हातमोजे घालून. वाळलेल्या टोपीला उघड्या हाताने शिवले की तिसऱ्या दिवशी बोटाचा ठसा उमटतो.

वापरलेले पाणी गटारात सोडत नाही. त्यात तांबे आणि जस्त असते. पिंपात चुना घातल्यावर ते गाळ होऊन तळाला बसते, आणि गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत संस्थेकडे जातो.

पिना

राहता राहिला पिनांचा उपद्रव. पहिल्या पिना १ मिलिमीटर जाडीच्या होत्या आणि टोपीच्या बुडातले छिद्र २ मिलिमीटरचे. दोन पिना शेजारी शेजारी आल्या की त्या छिद्रात पाचरीसारख्या बसत, आणि चिमट्याने ओढूनही निघत नसत. १.२ मिलिमीटरच्या पिना घेतल्यापासून हे थांबले, कारण एक पिन मोकळी निसटते आणि दोन एकत्र शिरूच शकत नाहीत. माल वेगळा करताना टोप्या पाण्याखालीच उलट्या करून हलवतो. पाण्याबाहेर केले तर आतल्या थेंबाला पिना चिकटून राहतात. सांडलेल्या पिना चुंबकाने गोळा होतात, याचे अनेकांना नवल वाटते. ३०४ स्टेनलेस एरवी चुंबकाला दाद देत नाही, पण थंड ओढलेल्या तारेत ते थोडे चुंबकाकडे झुकते.

तरीही एकदा एका ग्राहकाच्या टोपीत आमची पिन निघाली आणि सबंध लॉट परत आला. तेव्हापासून दर शनिवारी पिना वाळवून तोलतो. ६ किलो भराव्यात. पण एका पिनेचे वजन जेमतेम ५० मिलिग्रॅम असल्याने शंभरेक पिना गेल्याखेरीज काट्यावर फरक दिसत नाही, त्यामुळे तोलण्यावर विसंबता येत नाही. म्हणून पॅकिंगच्या टेबलावर काचेखाली दिवा बसवला आहे. टोप्या त्याच्यावर उघडे तोंड खाली करून उभ्या करतात. मोकळी पिन खाली काचेवर पडते, अडकलेली असेल तर बुडाच्या छिद्रातून येणारा उजेडाचा ठिपका कापलेला दिसतो. एका ताटात दोनशे टोप्या मावतात आणि मामांची नजर त्यांच्यावरून फिरायला मिनिटभर लागते.